माणसाळवलेले बूट

गणेशचा फोन आला तेव्हा कंपनीची बस शिंदे गाव ओलांडून सिन्नरच्या रस्त्याला लागली होती. गणेश हा पोपटचा मुलगा. "काका, पप्पा पहाटे गेले," एवढंच तो बोलला.  मी मान खाली घातली, तर पायांत माझे गेल्या वर्षीचे बूट दिसले. टाचा झिजलेल्या, डाव्याची शिवण उसवलेली. या वर्षीचे नवे बूट पोपटकडे होते. तीस वर्षांपासूनचा मित्र गेल्याचं ऐकल्यावर माणसाला पहिल्यांदा बूट आठवावेत... याची मला अजून लाज वाटते. पण आठवले ते बूटच, आणि त्याचं कारण सांगायचं तर पोपटबद्दलच सांगावं लागेल.

आमचा कारखाना सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत. पोपट प्रेस शॉपला, म्हणजे पत्रे दाबून सुटे भाग काढायच्या विभागात ऑपरेटर, मी तपासणीला. तो जवळच्याच वस्तीवरून सायकलवर यायचा, मी पंचवटीतून बसनं. पहिली ओळख झाली तीच भांडणातून. त्याच्या मशीनवरच्या पन्नास नगांना मी लाल खडूची फुली मारली होती आणि तो हातातला पाना न ठेवताच माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "सायेब, डोळं तपासून आणा," म्हणाला. मी सायेब नव्हतो आणि माझे डोळेही चांगले होते. मोजमाप पुन्हा घेतलं तेव्हा फुली बरोबर निघाली. मग त्यानंच मला चहा पाजला आणि त्या दिवसापासून मी त्याचा 'भाऊ' झालो. चूक कबूल करताना त्याला कधी जड गेलं नाही, मला मात्र ते अजूनही जमत नाही.

प्रेस शॉपमध्ये बोटांवर लोखंडी टोपी असलेले सेफ्टी बूट सक्तीचे. दर दिवाळीच्या आधी स्टोअरमधून नव्या जोडाचं वाटप व्हायचं. बूट टिकायला दणकट, पण घालायला म्हणजे शिक्षा. चामडं पत्र्यासारखं आणि पुढचा भाग इतका निमुळता, की ज्यानं त्याचा साचा केला त्यानं माणसाचा पाय कधी पाहिला नसावा. पहिले पंधरा दिवस सगळा शॉप लंगडायचा. कुणी आत खोबरेल चोळायचं, कुणी ओले पेपर कोंबून ठेवायचं, कुणी टाचेला पट्टी लावून यायचं. या सगळ्यांत एकटा पोपट टाकोटाक चालायचा. त्याचा पाय शेतात अनवाणी वाढलेला, रुंद, फावड्यासारखा. दहावीच्या परीक्षेला त्यानं पहिल्यांदा चप्पल घातली होती. "मला बूट चावत नाय," तो म्हणायचा, "मीच बुटाला चावतो." एका वर्षी कुणीतरी चेष्टेत आपला नवा जोड त्याला दिला. आठ दिवस तो घालून पोपटनं परत केला, तेव्हा बूट असा काही सैलावला होता की देणारा माणूस थक्कच झाला. मग तो रिवाजच पडला. आठ आणि नऊ नंबरवाले आपापले बूट आळीपाळीनं पोपटकडे द्यायचे. आमच्या शॉपमध्ये त्याला बूट माणसाळवणं म्हणायचे. सातवाल्यांना तो हात जोडून सांगायचा, "तुमच्यात माझा अंगठाबी मावत नाय, माफी करा." दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पोपटच्या पायात कुणाचे ना कुणाचे करकरीत बूट असायचे, आणि त्याचे स्वतःचे नवे बूट लॉकरमध्ये धूळ खात पडायचे.

त्याला सोयीचा बूट नको होता असं मात्र नाही. उलट तो त्याचा एकुलता एक छंद होता. सुट्टीच्या दिवशी तो नाशकात यायचा आणि आम्ही दोघं दुकानं पालथी घालायचो. मेन रोड झाला, शालिमार झालं, सातपूरकडची सेफ्टीच्या सामानाची दुकानं झाली. एकदा देवळाली कॅम्पात लष्करी बुटांसारखे बूट मिळतात असं कळलं, तर तिथंही गेलो. ते त्यानं घेतले, आठवडाभर घातले आणि म्हणाला, "भाऊ, हे घालून लढाईला जाता येईल, पण पायखान्याला नाय." पुढे गणेशनं मोबाइलवरून मागवायची टूम काढली. माप द्यायला पोपट वर्तमानपत्रावर उभा राहिला, मी पेन्सिलीनं त्याच्या पावलाभोवती रेघ मारली. मोबाइलवर त्या मापाचा बूट मिळेना, तेव्हा तो कागद बरोबर घेऊन आम्ही कैक दुकानांत फिरलो. दुकानदार आधी कागदाकडे, मग पोपटच्या पायाकडे बघायचे. लांबीला बसणारा बूट रुंदीला अडायचा, रुंदीला बसणारा पुढे होडीसारखा निघायचा. "दिवसभर उभं राहून संध्याकाळी काढायची आठवन होऊ नये, असा बूट पायजे," एवढीच त्याची अट होती. मी वैतागायचो. माझे पाय दुखायचे, ऊन लागायचं. तो मात्र पुढच्या दुकानाची पायरी चढलेला असायचा.

माझ्या बुटांचं एक वेगळंच लचांड. तरुणपणी आडगाव नाक्यावर स्कूटरवरून पडलो तेव्हापासून माझा डावा पाय अर्धा इंच आखूड आहे. म्हणून प्रत्येक नव्या जोडाच्या डाव्या टाचेखाली मी पंचवटी कारंजाजवळच्या मोच्याकडून एक जाड थर ठोकून घेतो आणि मगच तो जोड पोपटकडे जायचा. गेल्या दिवाळीच्या आधीही तसाच गेलो. मोच्यानं थर ठोकला आणि म्हणाला, "उद्या या दादा. जरा बसू द्या, मग आतून खिळ्यांची टोकं दाबून देतो." दरवर्षी तो हेच सांगायचा आणि दरवर्षी मी दुसऱ्या दिवशी जायचो. यंदा मी गेलो नाही. अंग मोडून आलं होतं, वर दुसऱ्या दिवशी घरी पाहुणे येणार होते. मी म्हणालो, "असू दे, हात फिरवून बघितला, काही लागत नाही." खरं तर हात मी वरवर फिरवला होता. ज्याचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या कामाला लाल फुल्या मारण्यात गेलं, त्यानं स्वतःचा बूट तपासला नाही. पोपटला मी बूट दिले तेव्हा तो म्हणाला, "शेवटचे ना रे हे तुझे? म्हंजी लय बेस माणसाळले पायजेत." जूनमध्ये मी निवृत्त होणार, हे माझ्यापेक्षा त्याच्याच जास्त ध्यानात होतं.

संक्रांतीच्या सुमारास तो कामावर यायचा थांबला. पाय सुजलाय, ताप आहे असं कळलं. मग त्याला नाशकात इस्पितळात आणलं. मी गेलो तर डाव्या पायाला पोटरीपर्यंत बँडेज. काय झालं विचारल्यावर म्हणाला, "बांधावर बाभळीचा काटा भरला. ध्यानातच आलं नाय." डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं, यांना साखर किती वर्षांपासून आहे? मी म्हणालो, पाच-सहा वर्षं असेल, गोळ्या घेतो कधीमधी. डॉक्टर म्हणाले, पायांची जाणीव कधीच गेली आहे, टाचेत भोक पडलं तरी यांना कळलेलं नाही, कितीतरी दिवस त्यावरच चालत होते.

मी तिथल्या बाकावर बसलो आणि मला एक जुना दिवस आठवला. जेवणाच्या सुट्टीत पोपटनं मोजे काढले, तर तळपायात लोखंडी किसाचा बोटभर तुकडा रुतलेला. त्याला पत्ताच नव्हता. त्यानं तो उपटून काढला आणि आम्ही सगळे हसलो. "पाय हाय का टायर," कुणीतरी म्हणालं. मीही हसलो, चांगला पोट धरून हसलो... बूट त्याला चावत नव्हते ते नुसते त्याचे पाय टणक होते म्हणून नव्हे, ते बधिरही झाले होते, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही आपले दरवर्षी आमचे बूट त्याच्या हवाली करत राहिलो.

शेवटची भेट इस्पितळातलीच. इस्पितळात येणाऱ्या एका कारागिरानं मधुमेहाच्या रुग्णांसाठीचे मऊ बूट त्याच्या मापानं बनवून आणले होते, जखम भरल्यावर घालायला. पुढून रुंद, आतून गादी, कुठेही शिवण टोचणार नाही असे. डावा खोक्यातच होता. उजवा त्यानं पायात चढवला आणि पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून बसला. "भाऊ, ह्यात बोटं पसरत्यात बघ," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी गणेशच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. निघताना मी चेष्टेनं विचारलं, "आणि माझे बूट?"  तो म्हणाला, "घरी हायेत. थोडं हट्टी निघाले, पण झालंय काम. घरी गेलो की देतो." पाच दिवसांनी जंतू रक्तात पसरले आणि तो गेला.

दहाव्याला मी गेलो होतो, पण तिथं गर्दीत काही बोलणं झालं नाही. नंतर त्याच्या घरी जायची माझी हिंमत होईना. लोक सांत्वन करतात, वय झालं होतं, साखरच वाईट, असं काहीबाही बोलतात, आणि ते ऐकून ऐकून मी थकून गेलो होतो. शेवटी गेल्या आठवड्यात वस्तीवर गेलो. पोपटची बायको, शेवंतावहिनी, एकट्याच होत्या. चहा झाल्यावर त्यांनी आतून कापडी पिशवी आणून माझ्यासमोर ठेवली. पिशवीत माझे बूट होते. पुसून, पॉलिश करून ठेवलेले.

"दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिशी अंगनात बसून हातोडीनं ठोकीत व्हते," वहिनी म्हणाल्या. "म्या म्हनलं, पाय एवढा सुजला आन् तुमचं काय चाललंय? तं म्हनले, भाऊचे बूट हायेत. त्याला टोचल."

मी डाव्या बुटात हात घातला. टाचेच्या जागी दोन खिळ्यांची टोकं होती, ठोकून ठोकून पार चपटी केलेली. बोटाला नुसता गुळगुळीत उंचवटा लागत होता. त्यावर त्यानं सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून चिकटवला होता. ट्यूबच्या कडेनं आतलं कापड काळपट पडलं होतं. वहिनींनी ते पाण्यानं घासलेलं दिसत होतं, पण डाग गेला नव्हता. मी वर बघितलं. वहिनी दाराबाहेर बघत होत्या. "बाभळीचा काटा..." मी म्हणालो.  त्या म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं व्हतं, भाऊला म्हनावं काटाच व्हता." आणि कपबशा उचलून त्या आत गेल्या.

मी तिथं किती वेळ रडलो ते मला सांगता यायचं नाही. पोपटला सगळं कळलं होतं. पलंगावर पाय लोंबकळत ठेवून बसला होता, तेव्हाही कळलेलं होतं. मी बूट मागितले, तरी त्यानं ब्र काढला नाही. पहिल्या दिवशी फुली बरोबर निघाली म्हणून मला चहा पाजणारा माणूस, माझी चूक मात्र काट्याच्या नावावर घालून गेला.

निवृत्तीला अजून काही महिने आहेत. मी तेच बूट घालून कामावर जातो. सकाळी सहाला बसमध्ये चढतो, दिवसभर सिमेंटच्या फरशीवर उभा असतो, संध्याकाळी पंचवटीत उतरून घरापर्यंत चालत येतो. पुढे नाही, टाचेला नाही, कुठेच काही लागत नाही. कधीकधी ते काढायचंही ध्यानात राहत नाही. आठवडा झाला, एकदाही चावले नाहीत... चावले असते तर बरं झालं असतं.