आर्डेलची हातभर तोफ

आर्डेल नायगार्डला घाई म्हणून कधी जमली नाही. कागद गिरणीच्या वर्कशॉपमध्ये त्यानं एकतीस वर्षं लेथ चालवला, आणि ‘चालून जाईल’ हे दोन शब्द त्या माणसाच्या तोंडून कुणी ऐकले नाहीत. निवृत्तीच्या दिवशी गिरणीतल्या मंडळींनी वर्गणी काढून त्याला एक खोकं दिलं. आत हातभर लांबीच्या तोफेचे सुटे भाग होते: पोलादी नळी, ओकच्या फळ्या, चार ओतीव चाकं आणि पिशवीभर स्क्रू. जोडायची, दारू भरायची आणि उडवायची. खोकं नऊ वर्षं तळघरात पडून राहिलं. “उघड रे ते एकदा,” त्याची बायको व्हर्ना म्हणायची. “सवडीनं,” हा म्हणायचा. यंदा फेब्रुवारीत व्हर्ना गेली आणि आर्डेलला सवडच सवड झाली.

हेरॉन तलावावर चार जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, संध्याकाळी झेंडे उतरले की तोफांची फेरी होते. उत्तरेच्या टोकाला पहिली तोफ उडते, तिचा धूर विरला की शेजारच्या घराच्या लाकडी धक्क्यावरची, आणि असं करत अख्ख्या तलावाला वळसा. ज्यांच्याकडे तोफ नाही त्यांना वगळून फेरी पुढं जाते. नायगार्डांना ती दरवर्षी वगळायची. पण पाळी आपल्यापाशी आली की व्हर्ना धक्क्याच्या टोकाला उभी राहून दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडायची, “धडाम!” आणि पलीकडून लोक शिट्ट्या वाजवायचे. आता ओरडायलाही कुणी नव्हतं. आर्डेलला स्वतःला ते कधीच जमलं नसतं. आपला धक्का मुका राहू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. म्हणून मे महिन्यात त्यानं खोकं उघडलं.

आणि इथंच घात झाला. खोक्यातले स्क्रू त्याला पसंत पडेनात, म्हणून त्यानं पितळेचे नवे कातले. एक चाक केसभर डुगडुगत होतं, तर चारही चाकं काढून भोकं पुन्हा पाडली. चार जुलैला फेरी झाली तेव्हा त्याची नळी शिकंज्यात आवळलेली होती आणि तो तळघरात बसून आवाज मोजत होता. बारा झाले. तेरावा त्याचा असता.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, उन्हाळी लोक घरं बंद करून शहरात परततात त्या दिवशी, आणखी एक फेरी असते. तीही हुकली. का, तर वॉर्निशचा पाचवा हात वाळला नव्हता! ॲरिझोनातून मुलाचा फोन आला तेव्हा आर्डेलनं मोठ्या कौतुकानं त्याला वॉर्निशचं सांगितलं.

“बाबा, अहो तीन हातांत झालं असतं की,” मुलगा म्हणाला.

“तीन हातांत लाकडाची रेघ दिसते.”

“कुणाला दिसते, बाबा?”

आर्डेलनं तिकडच्या उन्हाची चौकशी केली.

तोफ पुरी झाली ती ऑक्टोबरच्या मध्यावर. तोवर तलावाभोवतीचे धक्के, पाणी गोठायच्या आत, उचलून काठावर रचलेले, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. एका रविवारी दुपारी चारला त्यानं तोफ पाण्याकाठच्या सपाट दगडावर मांडली, दारू मोजून घातली, वर कागदाचा बोळा ठासला, वात लावली आणि दहा पावलं मागं जाऊन कान झाकले.

आवाज काय झाला म्हणता! हातभर जिनसेतून असा गडगडाट निघेल असं त्यालाही वाटलं नव्हतं. पलीकडच्या टेकडीवर आपटून तो परत आला. मग धूर विरला. आर्डेल सवयीनं पुढच्या धक्क्याकडे बघत उभा राहिला. पुढचा धक्का म्हणजे काठावर रचलेल्या फळ्या होत्या. शिट्टी नाही, काही नाही. तो दगडावर बसला आणि व्हर्ना गेल्यापासून प्रथमच मोठ्यानं रडला. दुसऱ्यांदा दारू भरायची त्याला इच्छा राहिली नाही.

वीस मिनिटांनी अंगणात गाडी करकचून थांबली. पलीकडच्या काठावर बाराही महिने राहणारी बर्निस कुबियाक उतरली. तीही एकटीच. तलावाला वळसा घालून सात मैल आली होती, पायात घरातल्या सपाता. आर्डेलला बघून तिनं गाडीचं दार धरलं आणि तशीच उभी राहिली.

“बर्निस! ऐकलास आवाज? ये ये, दाखवतो.”

ती जवळ आली, तोफेकडे बघितलं, आणि त्याच्या दंडावर एक जोराची चापट मारली.

“तोफ? मेल्या, तोफ होती ती?”

“मग? तुला काय वाटलं?”

“बदकं मारणारे एक बार काढून थांबतात का रे? चार-पाच तरी काढतात. तुझ्या घराकडून एकच आवाज आला. एकच! आणि मग सगळं गप्प.” तिचा आवाज फाटला. “मी थांबले. म्हटलं, दुसरा येईल. आलाच नाही.”

आर्डेलच्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळ लागला. पडला तेव्हा तो हसायला गेला, पण हसू आलं नाही. व्हर्नाच्या कपाटाशेजारी भिंतीला टेकवलेल्या बंदुकीकडे मार्चमधल्या एका सकाळी तो बराच वेळ बघत बसला होता. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. बर्निसलाही सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.

तिनं उभ्याउभ्या कॉफी घेतली. निघताना म्हणाली, “उडव हवी तेव्हा. पण दोनदा उडव. दोन ऐकले की मी समजेन.”

तेव्हापासून दर रविवारी चारला आर्डेल दोन बार काढतो. बर्निस पुन्हा आली नाही. यायचं कारणच उरलं नाही.

पण पहिल्या बारानंतर लगेच दारू भरता येत नाही. आत ठिणगी राहिली तर हात जायचा, म्हणून ओला बोळा फिरवायचा, मग कोरडा, मग नळी निवू द्यायची. पाच मिनिटं जातात. त्या पाच मिनिटांत पलीकडे एक बाई गाडीची किल्ली हातात घेऊन दाराशी उभी असते, हे त्याला ठाऊक आहे. जगात तेवढा वेळ कुणीतरी त्याची वाट बघत असतं. सहावं मिनिट घ्यावं असं प्रत्येक रविवारी त्याच्या मनात येतं. तो घड्याळाकडे बघतो आणि वात लावतो.