आंब्याजवळची विहीर

वाडीत विहीर आहे हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. नेमकी कुठे, ते फक्त अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना ठाऊक होतं, आणि त्यांच्या भरवशावर आम्ही काटे तोडायला घेतले होते.

कडोदऱ्याच्या पुढची ही चिकूची वाडी. लूमचं काम सुटल्यावर अण्णा आणि माय तिथे राखणदार म्हणून राहायला गेले. वाडीचे मालक शेठ बडोद्याला. वाडीकडे कित्येक वर्षं कुणी फिरकलेलं नव्हतं, त्यामुळे चिकूची झाडं दिसायचीच नाहीत. दिसायची ती वेडी बाभूळ. इथले लोक तिला गांडो बावळ म्हणतात, आणि पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मायने पदर तोंडावर घेतला होता. बाभळीखाली घाणेरी, अधूनमधून बोरी, आणि सगळ्यांना गुंडाळून वर चढलेले वेल. आत माणूस उभा राहिला तर बाहेरून दिसायचा नाही. विहिरीचा कठडा लोकांनी विटांसाठी कधीच उचकटून नेला होता. म्हणजे जमिनीच्या बरोबरीनं उघडं तोंड, आणि वर घाणेरीचं झाकण. पाय पडला की संपलं.

मला धास्ती होती ती अण्णांचीच, कारण अण्णांना ऐकू येत नाही. उभी हयात पॉवरलूमच्या खडखडाटात गेली, त्यात कान गेले. पण हे त्यांच्यासमोर बोलायची सोय नाही. "माले समदं ऐकू येस," असं आमच्या अहिराणीत ठणकावून सांगतात आणि वर आपल्यालाच विचारतात, ओरडतेस कशाला? कानाचं मशीन आणून दिलं, ते कपाटात सुखरूप आहे. आणि एक खोड आहे, लूमवरच्या बहुतेक जुन्या माणसांना असते ती. समोरच्याचे ओठ हलले की मान हलवायची आणि 'हो' म्हणायचं. शेडमध्ये ते खपून जातं, तिथे कुणालाच काही ऐकू येत नसतं. घरात आम्हाला त्याची सवय झाली होती. सवय झाली की माणूस विचार करायचं सोडतो, दुसरं काय!

त्या दिवशी मला सुट्टी होती. मी राहते त्या भेस्तानहून सकाळीच वाडीवर पोचले तर अण्णा डोक्याला पंचा गुंडाळून, कोयता घेऊन तयार.

"आधी विहीर कुठेय ते सांगा," मी त्यांच्या समोर जाऊन, तोंड मोठं करून विचारलं.

"शेठनी फोनवर सांगितलं ना. मागच्या कुंपणापाशी."

"मग तिकडे जायचं नाही."

"नाही जात. मला काय कळत नाही का?"

झालं. ते कोयत्यानं तोडत पुढे, मी टोकाला दोन फाटे असलेल्या बेळक्याच्या काठीनं काट्या मागे ओढून ढीग घालतेय, असं काम सुरू झालं. वेडी बाभूळ हलकट असते. एक फांदी ओढावी तर दहा अंगावर येतात. माझ्या हाताची पार चाळण झाली होती आणि तोंड चालू होतं. शेठला शिव्या, बाभळीला शिव्या, जोराजोरात. अण्णांना ऐकू येत नाही याचा तेवढाच एक फायदा. ते बोगदा पाडत आत गेले आणि दिसेनासे झाले. नुसता कोयत्याचा आवाज. तो येत होता तोवर माझा जीव जागेवर होता.

मायने चहा केला तेव्हा ते बाहेर आले. चहा पिता पिता म्हणाले, फाटकाकडची बाजू शेवटी घेऊ, तिकडे विहीर आहे.

मी कप खाली ठेवला. "सकाळी मागचं कुंपण म्हणालात."

"हो," ते म्हणाले, आणि मान हलवली.

त्या मानेकडे मी बघतच राहिले. हीच मान. फोनवर शेठ बोलत असतील आणि हा माणूस इकडे 'हा शेठ, हा शेठ' करत मान हलवत असेल. समोर ओठसुद्धा नाहीत बघायला! मी काही बोलायच्या आत ते उठले आणि कोयता घेऊन आत शिरले. मागून हाका मारल्या, पण पाठीमागून त्यांना हाक मारून कधी उपयोग झालाय का?

त्यांचा फोन खाटेवर पडला होता. शेठला फोन लावायचा नाही अशी मला ताकीद होती. म्हणे, शेठ काय म्हणतील, एकदा सांगितलेलं कळत नाही का! मी लावला.

"विहिरीचं विचारायचं होतं," मी गुजरातीत म्हणाले.

"में तमारा पप्पाने बधुं कीधुं छे ने," शेठ म्हणाले. सगळं सांगितलंय म्हणे. तरी बिचाऱ्यांनी पुन्हा सांगितलं. मागे नाही, फाटकाकडे नाही. मधल्या मोठ्या आंब्याच्या अलीकडे, अगदी लागून.

आंब्याचा शेंडा काट्यांच्या वर दिसत होता. कोयत्याचा आवाज तिथूनच येत होता.

मी धावले. बोगद्याच्या तोंडाशी गेले तर आत त्यांची पाठ दिसली, वाकलेली, घामानं भिजलेली. मधे त्यांनीच तोडून टाकलेल्या काट्यांचा ढिगारा. "अण्णा! अण्णा, थांबा! विहीर तिथेच आहे, पुढ्यात!" माझा घसा फाटायची वेळ आली. रस्त्यावरचा ट्रकवाला थांबला असता. अण्णांनी एक फांदी तोडली आणि एक पाऊल पुढे टाकलं. मी काट्यांत घुसले तशी ओढणी अडकली, केस अडकले, हलता येईना. हातातली काठी फेकली, ती वेलांतच लटकली. मी रडत होते आणि शिव्याही देत होते, कुणाला ते माहीत नाही.

तेवढ्यात माय आली. तिनं हाक मारली नाही. वाकली, ढेकूळ उचललं आणि नेम धरून अण्णांच्या दोन खांद्यांच्या मधोमध मारलं.

मायनं त्याच शेडमध्ये बॉबिनी भरल्यात. तिथे माणसाला हाक मारत नाहीत आणि मागून हातही लावत नाहीत. दचकून हात मशीनमध्ये जायचा. लांबून रिकामी बॉबिन पाठीत मारतात. आणि बॉबिन बसली की काय करायचं हे प्रत्येकाच्या अंगात मुरलेलं असतं. आधी हात थांबवायचा, पाय आहेत तिथेच ठेवायचे, मग मान वळवायची.

अण्णांनी तसंच केलं. कोयता हवेत थांबला. उचललेला पाय त्यांनी मागे होता तिथेच टेकवला आणि मग मान वळवली. चेहरा असा संतापलेला की बघवेना. मायनं दोन्ही तळवे समोर धरले आणि पुढच्या जमिनीकडे बोट केलं. त्यांनी कोयत्याच्या टोकानं समोरची घाणेरी दाबली. ती दबली आणि दबतच गेली. खाली काहीच नव्हतं.

तिथून ते एकेक पाऊल मागे आले. मग आम्ही तिघांनी काठ मोकळा केला, मायनं सगळा वेळ त्यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं होतं. विहीर उघडी पडली आणि माझा बांध फुटला.

"शेठनं तुम्हाला सांगितलं होतं!" मी त्यांच्या तोंडासमोर ओरडले. "तुम्ही ऐकलंच नाही! मेला असतात आज! आम्ही काय केलं असतं?"

"रेंज नव्हती," अण्णा म्हणाले.

कपाळ माझं! मी पाठ फिरवून चालू लागले. माय म्हणाली, "राहू दे बाई."

अण्णांनी विटेचा एक तुकडा उचलला आणि विहिरीत सोडला. खालून पाण्याचा आवाज आला, चांगला खोल, मी लांब होते तरी ऐकला. ते तसेच वाकून उभे होते. मग त्यांनी मोठा दगड घेतला आणि तो टाकला. धबाक्कन आवाज झाला, मायसुद्धा दचकली. अण्णा अजून वाकूनच, एका बाजूला मान करून.

बऱ्याच वेळानं ते सरळ झाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज एकदम लहान झाला होता.

"आवाज उना का?"

हे त्यांनी आजवर कुणाला विचारलं नव्हतं. मी परत आले, त्यांचा हात धरला. "आला अण्णा," मी म्हटलं, "दोन्ही वेळा आला."