लांगरी नदीच्या पलीकडे होता का?

एकाहत्तरच्या युद्धात पूर्व आघाडीवर एका पलटणीचा स्वयंपाक करणारा माणूस गोळीबार चालू असताना नदी ओलांडून गेला आणि जखमींना परत घेऊन आला, असे तो सांगतो. सैन्याच्या नोंदीप्रमाणे तो नदीच्या अलीकडे, चुलीपाशी होता. यांपैकी खरे काय, या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहिले आहे.

तो माणूस वसईजवळच्या उमेळ्यात आमच्या इमारतीला लागून असलेल्या वाडीत राहतो. मी त्यांना काका म्हणते. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर मी इथे सदनिका घेतली, तेव्हा आमच्या इमारतीच्या तिन्ही बाजूंना केळीच्या वाड्या होत्या. आता ही एकच उरली आहे. वाडी आणि इमारत यांच्यामध्ये वाडीला पाणी पुरवणारे लहानसे तळे आहे. त्याला इथे बावखल म्हणतात. काका, काकू आणि त्यांचा मुलगा घरात आपल्या बोलीत बोलतात आणि माझ्याशी शाळेतल्या मराठीत. मी ते दुसरे मराठीच इथे देत आहे.

विषय निघाला तो एका सत्कारामुळे. वसईत माजी सैनिकांचा सत्कार होता. प्रत्यक्ष लढाईत भाग घेतलेल्यांना व्यासपीठावर बसवले आणि ज्यांची सेवा पिछाडीची होती त्यांना समोरच्या रांगेत. शाल आणि नारळ सर्वांना सारखेच मिळाले. काका खाली होते. घरी आल्यावर ते मुलाला म्हणाले, "मी नदीच्या पलीकडे गेलो होतो, एवढं कुठेतरी लिहिलेलं पाहिजे." मुलाने लगेच सैन्याच्या नोंद कार्यालयाकडे अर्ज केला. काही महिन्यांनी उत्तर आले, की अर्जातील मजकूर सेवेच्या नोंदीशी जुळत नाही.

ते उत्तर घेऊन मुलगा माझ्याकडे आला. "बाई, तुम्ही शुद्ध मराठीत लिहून द्या. माझं मराठी त्यांना पटलेलं दिसत नाही."

मी मूळ अर्ज वाचला. त्यात काकांनी मशिनगन चालवली, शत्रूशी समोरासमोर झुंज दिली, असे बरेच काही होते. नदी मात्र नव्हती. दोष मराठीचा नसावा असे मला वाटले. मी वाडीत जाऊन काकांनाच विचारले, "सैन्यात तुमचे नेमके काम काय होते?"

"जवान होतो."

"जवान सगळेच असतात. सकाळी उठल्यावर पहिले काय करत होता?"

काकांनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "चूल पेटवत होतो."

"काय पेटवत होतात?" आतून काकूंचा प्रश्न आला.

अशा रीतीने ते घरात उघड झाले. काका पलटणीचे लांगरी होते. सैन्यात स्वयंपाक्याला हा शब्द आहे. गावात त्यांनी हे कोणालाच सांगितले नव्हते, लग्न झाल्यावर काकूंनाही नाही. हात धुतलेले नसतानाच काकू बाहेर आल्या.

"बाई, लग्नाला पन्नास वर्षं होत आली. मी तापाने फणफणले तेव्हा शेजारणीने पेज आणून दिली. यांना म्हणे चहा करता येत नाही!"

"दोनशे माणसांचा येतो," काका म्हणाले. "दोघांचा येत नाही."

काकू हसल्या नाहीत. त्या दिवसापासून सकाळचा चहा काकांनी करायचा, असे त्यांनी तिथेच जाहीर केले आणि तो नियम अजून चालू आहे. मी काकांना विचारले, की हे लपवण्यासारखे काय होते. ते म्हणाले, "परत आलो तेव्हा जो तो बंदुकीचं विचारायचा. भाताचं कोणी विचारलं नाही. मग मीही सांगितलं नाही."

त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते असे. पलटणीची एक तुकडी पहाटे नदी ओलांडून पुढे गेली. समोरून मारा सुरू झाला आणि तिला परत आणणाऱ्या दोन्ही होड्या फुटल्या. पलीकडे माणसे जखमी होऊन पडली होती. अलीकडच्या काठावर केळी भरपूर होत्या. काकांनी त्यांचे खांब तोडवून तराफा केला, तो ढकलत पोहत पलीकडे गेले आणि एकेका जखमीला त्यावर निजवून आणले. किती फेऱ्या झाल्या हे त्यांना सांगता येत नाही. नदीचे नावही ते निश्चित सांगत नाहीत.

अशा वेळी दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. ही गोष्ट होऊ शकते का, हा पहिला. ती झाली का, हा दुसरा. वर्गात मी हे मुलांना वारंवार सांगत असे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले म्हणून दुसऱ्याचे येत नाही. पण पहिल्याचे नकारार्थी आले तर दुसरा विचारण्याचे कारण उरत नाही. म्हणून मी सुचवले, की आधी तराफा करून बावखलात सोडू.

रविवारी सकाळी आम्ही ते केले. काका वयाच्या पंचाहत्तरीत आहेत, म्हणून कोयता मुलाच्या हाती होता आणि बोट काकांचे. बावखलाच्या कडेलाच एक जाड, सरळ केळ उभी होती. मुलाने कोयता उगारला तसे काका ओरडले, "ती नको! घड आहे तिला, दिसत नाही?" मुलाला वाडीच्या दुसऱ्या टोकाला जावे लागले. घड उतरवून झालेले सहा खांब त्याने एकेक करून ओढत आणले आणि तोपर्यंत घामाघूम झाला. मी ही गोष्ट माझ्या टिपणात लिहिली, पण तिला महत्त्व दिले नाही. दारची केळ कोणीही वाचवील असे मला वाटले.

खांब मांडताना काकांनी एकाचा बुंधा डावीकडे, तर पुढच्याचा उजवीकडे ठेवला. सगळे बुंधे एका बाजूला आले तर तराफा तिकडे कलतो. मग बांबूच्या दोन टोकदार काठ्या खांबांतून आडव्या ठोकल्या. दोरी वापरली नाही. केळीचा खांब म्हणजे लाकूड नव्हे. पानांच्या देठांचे थर एकावर एक गुंडाळून तो झालेला असतो आणि प्रत्येक थरात हवेचे कप्पे असतात. म्हणून तो तरंगतो आणि म्हणूनच काठीने सहज भोसकलाही जातो.

वजन म्हणून मी तांदळाचे पोते सुचवले होते. काकूंनी ते द्यायला नकार दिला. "भिजलेला तांदूळ कोण खाणार? मशिनगन ज्याने लिहिली त्यालाच निजवा."

मुलगा कपड्यांसकट तराफ्यावर उताणा झाला. "बाबा, बुडालो तर?"

"तर अर्ज मागे घेऊ."

तो बुडाला नाही. खांब पाण्याच्या पातळीपर्यंत खाली गेले, त्याची पाठ भिजली, पण तोंड आणि छाती वर राहिली. काका छातीभर पाण्यात उतरले आणि त्याच्या डोक्याकडून तराफा ढकलू लागले. बावखल लहान आहे. पलीकडची कड लवकर येते. इमारतीच्या गच्चीतून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी एवढेच नोंदवले, की सहा खांब एका माणसाला तोलतात. दुसरा वर चढू लागला की बुडू लागतात. काकांनी आधीच सांगितले होते, की जखमी वर आणि ते स्वतः पाण्यात. ते या निरीक्षणाशी जुळते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. दुसऱ्यासाठी साक्षीदार हवा होता. पलटणीच्या निवृत्त लोकांचा फोनवर एक गट आहे. एकाहत्तरला नदीवर कोण होते, एवढीच विचारणा मुलाने त्यात केल्यावर सातारा जिल्ह्यातल्या एका गृहस्थांनी, आपण त्या नदीवर होतो, असे कळवले. मी मुलाला बजावले, की यापुढे त्याने काहीही कळवायचे नाही. फोन मी करणार. तोंडी परीक्षेत उत्तर सुचवणारा प्रश्न विचारायचा नसतो. केळ, तराफा, लांगरी यांतला एकही शब्द मी आधी उच्चारणार नव्हते. काकांचा आवाजही ऐकू जाऊ नये म्हणून त्यांना मी आतल्या खोलीत बसवले आणि फोनचा स्पीकर चालू ठेवला.

"नदी ओलांडून परत कसे आलात?" मी विचारले.

"केळीवरनं."

"म्हणजे?"

"केळीची खोडं हो. बांबू घालून जोडलेली. माझ्या मांडीत गोळी हुती. मला त्यावर उताणा घातला आन् म्हणाला, आभाळाकडं बघ, पाण्याकडं बघू नको."

"कोण म्हणाला?"

"आमचा लांगरी. नाव न्हाय आठवत. कोकणाकडचा हुता. लई हट्टी माणूस. मला नंतर पोरांनी सांगितलं, अलीकडं गडी खोडं तोडाय लागले तर हा त्यांच्यावरच खेकसला. म्हणाला, घड लागलेली तोडू नका, मागची तोडा. वरनं गोळ्या चालल्यात आन् ह्याला दुसऱ्याच्या केळीची पडलीय!"

मी लिहिणे थांबवले. हे मी विचारले नव्हते आणि काकांनीही मला कधी सांगितले नव्हते. आत काका उठून उभे राहिल्याचा आवाज आला.

"जिता हाय का तो?" पलीकडून प्रश्न आला.

मी फोन काकांकडे दिला. "आहे," काका म्हणाले. मग पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "लांगरी, त्या दिवशीचा भात कच्चा हुता."

"तू खाल्लास कुठे? तू तर तोवर शुद्धीवर नव्हतास."

"पोरं सांगत हुती."

"पोरांना सांग, आच सोडून मी पाण्यात होतो," काका म्हणाले आणि फोन घेऊन वाडीत गेले. पुढचे मी ऐकले नाही.

नवा अर्ज मी लिहिला. त्याचे पहिले वाक्य काकांनी सांगितले तसेच ठेवले: 'मी पलटणीत लांगरी होतो.' सातारच्या गृहस्थांचे सही केलेले निवेदन सोबत जोडले. अलीकडेच उत्तर आले आहे. निवेदन दाखल करून घेतले आहे, मात्र नोंद बदलण्यासाठी आणखी एका प्रत्यक्षदर्शीचे निवेदन लागेल. मला हे अवाजवी वाटत नाही. मीही एका निरीक्षणावर निष्कर्ष काढू दिला नसता. आणि सातारचे गृहस्थ नदीचे जे नाव सांगतात ते नकाशावरच्या जागेशी मला जुळवता आलेले नाही, हेही नोंदवले पाहिजे. म्हणून ते नाव मी इथे दिलेले नाही.

तेव्हा माझे उत्तर असे: काका पलीकडे गेले होते असे मी मानते, सिद्ध झाले असे म्हणत नाही. काकांना अजून एक माणूस हवा आहे आणि तो मिळण्याचा काळ फार उरलेला नाही.

तराफ्याबद्दल शंका असल्यास वाचकांनी उथळ पाण्यात, पोहता येणारा माणूस सोबत ठेवून, स्वतः करून पाहावे. आणि ज्यांच्या घरी किंवा गावात त्या आघाडीवरून परतलेले कोणी असेल, त्यांनी एवढेच विचारावे, की तुम्ही नदी ओलांडून परत कसे आलात. केळीचे नाव आपण आधी घेऊ नये. त्यांचे उत्तर लिहून होईपर्यंत हा लेख त्यांना वाचून दाखवू नये.