गार खोलीतला खोकला

“टी. बी. असावा,” डॉक्टर म्हणाले. टी. बी. म्हणजे क्षय, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. खोकला, संध्याकाळचा ताप, उतरलेलं अंग, सगळं जुळत होतं. थुंकी पुण्याला तपासायला पाठवू, तोवर मुलीला जवळ घेऊ नका, तिच्या तोंडावर श्वास जाऊ देऊ नका, असं त्यांनी बजावलं.

माझी सुमन तेव्हा नुकती पावलं टाकायला लागली होती. वराळ्याहून सासूबाई आल्या आणि त्याच दुपारी तिला कडेवर घेऊन निघाल्या.

“रडू नगं,” त्या दारातून म्हणाल्या. “तू बरी हो. मीच आणून घालीन तिला.”

मला त्यांचा राग आला नाही. माझ्या छातीचा आला.

आम्ही लोणावळ्याला रेल्वेच्या चाळीत राहत होतो. डोक्यावर पत्रा, त्यामुळे वैशाखात दुपारी घरात बसवत नसे. हे गाड्यांच्या डब्यांच्या दुरुस्तीवर होते. पहिल्या वर्गाच्या डब्यांना त्या काळी उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे लावत आणि ते पाण्याने भिजवत. आतली बडी मंडळी गार वाऱ्यात प्रवास करत. तसाच एक जुना, काढून टाकलेला पडदा ह्यांनी चैत्रातच आमच्या खिडकीला बसवला होता. गारवा निसटू नये म्हणून दुसरी खिडकी कायमची लावली, दाराच्या फटींत चिंध्या कोंबल्या. पुढे मला खोकला लागला, तेव्हा मला आराम पडावा म्हणून पडदा रात्रंदिवस ओला ठेवू लागले. माझ्या नवऱ्याला प्रेम बोलून दाखवणं कधी जमलं नाही. ते बादली भरून आणत.

तापात मला वाटे, खोली हळूच चालू लागली आहे. मी पहिल्या वर्गात पडून घाट उतरते आहे. बोगदा आला की अंधार, बोगदा गेला की दरीतलं पांढरं धुकं, आणि सगळीकडे वाळ्याचा वास. सुमन पुढच्या डब्यात आहे हे मला ठाऊक असे, पण उठायला गेलं की पाय हलत नसत. जाग आली की खोली जागच्या जागी आणि छातीत बारीक शिट्टी वाजत असे.

थुंकीत जंतू सापडले नाहीत. तरी खात्री करायला मला पुण्याच्या इस्पितळात ठेवलं. एक्स-रे काढला, म्हणजे छातीच्या आतला फोटो. त्यातही क्षयाची खूण नव्हती. वॉर्डाला समोरासमोर मोठ्या खिडक्या होत्या आणि त्या मिटायच्या नाहीत असा नियम होता. दिवसभर गरम वारा अंगावरून जाई, घामाने जीव नकोसा होई, आणि खोकला मात्र कमी कमी होत गेला. ताप उतरल्यावर मी आनंदाने घरी आले. सासूबाईंना निरोप धाडणार, तोच खोकला परत सुरू झाला. त्या वेळी मी खरोखर खचले. आता सुमन मला मिळत नाही, असंच मनाने घेतलं.

मग आमचे लोणावळ्याचे डॉक्टर स्वतः घरी आले. दारात थांबून त्यांनी वास घेतला आणि ह्यांना पडदा उतरवायला सांगितलं. पडद्याची मागची बाजू हिरव्या-काळ्या बुरशीने माखली होती. हात लागताच तिची धूळ उडाली आणि मला ठसका लागला.

“गाडी धावते, म्हणून वारा पडद्यातून येतो आणि पलीकडे निघून जातो,” डॉक्टर म्हणाले. “तुमची खोली कुठे धावते, बाई? तीच ओली हवा तुम्ही पुन्हा पुन्हा आत घेताय.”

आजाराचं नाव त्यांनी ‘ॲस्थमॅटिक ब्राँकायटिस’ सांगितलं. म्हणजे श्वासाच्या नळ्या सुजतात आणि आवळतात. हे दाराच्या फटींतल्या चिंध्या काढत बसले, आणि ते रडत होते हे मी पाहिलं.

तुमच्या घरी कुणाला गार खोलीत असा खोकला लागला, तर आधी ती खोली पाहा. वाळा जरूर लावा, पण समोरची खिडकी उघडी असू द्या. पडदा रोज उन्हात खडखडीत वाळू द्या, आणि त्याचा वास बदलला की लोभ न धरता फेकून द्या. मुंबईत काही थिएटरांत आता यंत्राने हवा गार करतात म्हणे. तिथे शिळी हवा बाहेर जायला वाट ठेवली आहे का, एवढं मी आधी विचारीन आणि मगच तिकीट काढीन.

खोकला पुरता थांबल्यावर सासूबाई सुमनला घेऊन आल्या. ती त्यांनाच ‘आय’ म्हणायला लागली होती. त्या ओशाळल्या, तिला पुढे ढकलत म्हणाल्या, “ही तुजी आय. जा की.”

ती आली नाही. मीही हाक मारली नाही. दुपारी ती उघड्या खिडकीखाली झोपली, तेव्हा मी हळूच तिच्या शेजारी आडवी झाले. तोंड तिच्या तोंडाजवळ नेलं आणि श्वास सोडला. तो गालाला लागला तशी ती झोपेतच माझ्याकडे वळली.