काकूंनी दिलेले चार दिवस

मला वाचवलं ते शेजारच्या वाडीतल्या काकूंनी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं लिहिता लिहिता मुख्य गोष्टच राहून जाईल. माझी शाळा मराठी तिसरीत सुटली. चुकलं तर सांभाळून घ्या.

काकू आमच्याकडे गडग्यावरून यायच्या. दरवाजा त्यांना जणू ठाऊकच नव्हता. त्या बुटक्या दगडी भिंतीवर एक पाय टाकायचा, लुगडं सावरायचं आणि ओरडायचं, "अगो, आहे का कुणी जिवंत?" अर्धं चौल त्यांच्या जिभेला भिई. "आली तोफ!" असं सासूबाई म्हणत. मीही भीत असे. मी घाटावरची. लग्न होऊन इथे आले त्याला इतकी वर्षं झाली, तरी माझ्या बोलण्याला बायका हसत. म्हणून मी कमीच बोले.

पंचेचाळिशीच्या सुमारास माझा महिना चुकू लागला. कधी पंधरा दिवसांत, कधी तीन महिन्यांनी, आणि मग थांबलाच. त्याचं काही वाटलं नाही. भीती वाटली ती डोक्याची. आमटीत मीठ दोनदा पडे. दिराच्या मुलाचं नाव जिभेवर येईना. बसल्या जागी अंगातून वाफा निघत. पहाटे छाती धडधडत जाग येई आणि काहीतरी वाईट होणार एवढंच कळे. काय, ते कळत नसे. मग दिवसभर कारण नसताना रडू.

एकदा विहिरीवर पोहरा धरून उभी होते. तो खाली सोडायचा होता की भरून वर काढला होता, आठवेना. खाली पाणी दिसत होतं. ते बघतच राहावंसं वाटलं. त्या दिवशी मी स्वतःलाच भ्याले.

काकूंनी गडग्यावरून पाहिलं. ओरडल्या नाहीत. माझ्या हातातून पोहरा काढून घेतला नि म्हणाल्या, "मी ओढते. तू त्या माडाला टेक." दुसऱ्या दिवसापासून मी विहिरीवर निघाले की काकू कळशी घेऊन हजर. आमच्या घरी सांगत, "माझ्या विहिरीचं पाणी मचूळ झालंय हो." झालं नव्हतं.

पण घरात कुजबूज सुरू झालीच. सासूबाई वाईट नव्हत्या, घाबरल्या होत्या. "हिला विहिरीवरचं काहीतरी लागलंय," म्हणाल्या. रेवदंड्याचा भगत बोलवायचं ठरलं. आधी मिरच्यांची धुरी, मग छडी. एवढ्यानं उतरलं नाही तर मला माहेरी पोचवायचं. माहेरी आता भाऊ-भावजय. परत पाठवलेली वेडी बहीण कोण ठेवून घेणार, तुम्हीच सांगा.

भगत ओटीवर येऊन बसला. त्यानं निखारे मागितले. मला माजघरातून धरून आणत होते. एवढ्यात गडग्यावरून आवाज आला, "शिवू नका गो तिला! बाहेरची आहे ती!"

मला धरलेले हात झटकन सुटले. भगतानं भराभर आपले देव झोळीत घातले. विटाळशीची सावली पडली तर देव बाटायचे. "चार दिवसांनी बोलवा," म्हणत तो उठलासुद्धा.

"तुमच्या पडवीत सुपारी पसरलीय," काकू सासूबाईंना म्हणाल्या. "विटाळ व्हायचा. माझ्याकडे बसवते हिला."

ते चार दिवस मी त्यांच्या मागच्या पडवीत नुसती झोपले. जाग आली की रडले, पुन्हा झोपले. कुणी समोर असलं की काकू ताट लांबून सरकवत; कुणी नसलं की माझ्या डोक्याला तेल लावत.

"काकू, हे पाप नाही का?"

"आहे की. मला लागेल ते. तू भात खा."

मग त्यांनी चोळीची बाही वर सरकवली. दंडावर भाजल्याचा जुना डाग होता. "मलाही असंच झालं होतं गो. मला कुणी बाहेरची म्हटलं नाही."

मी त्या डागावरून बोट फिरवलं. मग विचारलं, "हे जातं?"

"माझं गेलं. दोन पावसाळे लागले. तुझं कधी जाईल मला काय ठाऊक? मी काय वैद्य आहे?"

भगत पुन्हा आला. काकू पुन्हा गडग्यावर. "बाहेरची आहे हो!"

सासूबाईंनी बोटं मोजली. "अहो, कालच तर न्हाली!"

"या वयात त्याला पंचांग असतं का, वहिनी? तुम्हाला आठवत नाही?"

सासूबाई काकूंकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं. काय आठवलं त्यांना, त्यांनी कधी सांगितलं नाही. भगताला एवढंच म्हणाल्या, "तुम्ही या आता. लागलं तर निरोप धाडू."

तो निरोप कधी गेला नाही. मी बरी झाले, पण सावकाश. अजूनही एखादी पहाट तशी उगवते.

गेल्या वर्षी पुतण्यानं काकूंना म्हसळ्याला नेलं. तिकडचं कुणी आलं की मी विचारते. सांगतात, काकू आता गप्प असतात, माणसं नीट ओळखत नाहीत. काकू आणि गप्प! तिथे त्यांच्या बाजूनं बोलायला कोण असेल?

पावसाळा सरून आगबोटी सुरू झाल्या की मी जाणार आहे. एकटीनं कधी प्रवास केला नाही, पाण्याची भीती वाटते. तरी जाईन. त्यांनी ओळखलं नाही तरी जवळ बसेन, आणि कुणी विचारलं तर सांगेन, या माझ्या आहेत. काकू, एवढं मी फेडीन.