बेदाण्यातले रायआवळे

मुकं झालेल्या माणसाच्या तोंडून नकळत एकच शब्द निसटला, तर ते माणूस बोललं असं म्हणायचं का? राहीबाईंनी हा प्रश्न आधी घरात विचारला, मग सांगलीत विश्रामबागेतल्या दवाखान्यात, मग देवळात. हे लिहिणाऱ्यालाही त्यांनी तो विचारला होता, आणि त्यालाही उत्तर देता आलेलं नाही.

राहीबाई वाळवा तालुक्यातल्या, कृष्णाकाठच्या एका गावच्या. घराच्या तिन्ही अंगांना उसाची जमीन. पती नाथाजी लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले; थोरला मुलगा ऋषिराज त्याच वाटेनं पलटणीत गेलेला आणि त्याची बायको संयोगिता घरी. त्या पिढीतले पुरुष बायकोला हाक मारायची तर ‘अगं’च्या पुढे जात नसत. नाथाजी मात्र छावणीतल्या सवयीनं भर अंगणातून ‘राही’ अशी खणखणीत हाक देत आणि आजूबाजूच्या म्हाताऱ्या पदरात तोंड लपवून हसत.

२०२१ च्या डिसेंबरात नाथाजींना अर्धांगाचा झटका आला. सांगलीच्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं की जीव वाचेल, उजवा पायही हळूहळू चालू लागेल. वाचेचं मात्र आत्ताच काही सांगता येत नाही. राहीबाई तिथल्याच बाकावर बसून होत्या. त्यांनी गावच्या भैरोबाला मनातल्या मनात शब्द दिला: हे बोलेपर्यंत उसाचं काही तोंडात घालणार नाही. साखर नाही, गूळ नाही, काकवी नाही, रसाचा घोटही नाही. उसावर जगणाऱ्या घरातल्या बाईला सोडण्यासारखं याहून मोठं काय असणार? नवस बोलून दाखवायचा नसतो, म्हणून त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. पण स्वयंपाकघरात अशी गोष्ट लपत नाही. संयोगिताच्या लक्षात आठवड्याभरातच आली, आणि तिच्याकडून राहीबाईंचे दीर लालासाहेब यांच्या कानावर गेली. कळलं नाही ते एकट्या नाथाजींना. त्यांना सांगायचं नाही, ही राहीबाईंची सक्त ताकीद होती.

अडचण उभी राहिली ती ताटावर. नाथाजी काठी टेकत चालू लागले, डाव्या हातानं जेवू लागले. परंतु बायको आपल्याबरोबर गोड खात नाही हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. शिऱ्याची वाटी पुढे आली की ते पहिला घास तिच्या तोंडापुढे धरत. तिनं मान वळवली की वाटी सरकवून देत आणि मग भाकरीलाही हात लावत नसत. कारण विचारायला त्यांच्यापाशी शब्द नव्हता. सांगायला तिला मुभा नव्हती. तिला साखरेचा आजार जडला आहे आणि घरचे आपल्यापासून लपवत आहेत, असा त्यांनी ग्रह करून घेतला असावा, कारण एकदा त्यांनी तिचा हात धरून बोटाच्या टोकावर सुई टोचल्याची खूण केली होती. तिनं मान हलवली. त्यांचा विश्वास बसला नाही. दिवसेंदिवस त्यांचं अन्न तुटत चाललं.

परसात विहिरीच्या कडेला रायआवळ्याचं झाड आहे. चैत्र सरता सरता त्याच्या फांद्यांना फिकट पिवळ्या, उभ्या कंगोऱ्यांच्या फळांचे घोस अंगभर लगडतात. फळ इतकं आंबट की कच्चं चावलं तर कान गरम व्हावेत. त्याच्या मुरंब्यावर नाथाजींचा पहिल्यापासून जीव. सुट्टी संपवून पलटणीत परतताना ट्रंकेत एक बरणी असायचीच. राहीबाईंच्या मनानं घेतलं की मुरंबाच असा करावा, जो दोघांना एका वाटीतून खाता येईल.

साखरेवाचून हे फळ वश करणं सोपं नव्हतं. साखर आंबटपणा नुसता झाकत नाही, त्याला मुरवते आणि टिकवते. ती काढून घेतली की फळ पुन्हा आपल्या स्वभावावर जातं. राहीबाईंचं माहेर तासगावकडचं, द्राक्षबागांच्या मुलखातलं. तिथून त्यांनी बेदाणे मागवले. पहिल्या खेपेला रायआवळे तसेच उकडून त्यात बेदाणे टाकले, तर बेदाणेच आंबट झाले. दुसऱ्या खेपेला त्यांनी फळं काट्यानं टोचली, मीठ चोळून रात्रभर ठेवली, सुटलेलं पाणी ओतून दिलं, एक उकळी काढून तेही पाणी टाकलं. गरम पाण्यात भिजवलेले बेदाणे पाट्यावर गंधासारखे वाटले. कल्हईच्या पातेल्यात दोन्ही एकत्र करून मंद जाळावर दुपारभर ढवळत बसल्या. साखरेच्या मुरंब्याला येतो तसा लाल रंग आला नाही; चिंचेच्या कोळासारखा काळपट गोळा झाला. चव घेतली तर आधी गोड, आणि जिभेच्या कडांना मागून आंबट. शिवाय असला मुरंबा चार दिवसांच्या वर टिकत नसे, फसफसून जाई. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं.

हा मुरंबा पहिल्यांदा वाटीत आला तेव्हा नाथाजींनी नेहमीप्रमाणे पहिला घास तिच्यापुढे धरला. तिनं तोंड उघडलं. ते तिच्याकडे पाहत राहिले, ती गिळेपर्यंत, आणि मग मोठा चमचा भरून त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला. त्यातलं एक फळ नीट मुरलेलं नव्हतं. नाथाजींनी डोळे मिटले, सबंध चेहरा आवळला गेला आणि त्यांच्या तोंडून स्पष्ट, ठसठशीत शब्द आला.

“आयला.”

संयोगिताच्या हातातली परात खाली पडली. लालासाहेब सोप्यातून धावत आत आले. काय झालं ते कळल्यावर त्यांना हसू आवरेना. इतकी वर्षं पलटणीत काढली आणि दादा परत आला तो शिवी घेऊन, असं ते हसता हसता म्हणाले आणि म्हणता म्हणता रडू लागले. मग उठून त्यांनी फळीवरचा साखरेचा डबा काढला.

“वहिनी, दादा बोलला. तोंड गोड करा.”

राहीबाईंनी हात पुढे केला नाही. “भावजी, आंबट लागलं म्हणून तोंडातनं पडलं ते.”

“पडलं तर पडलं. पडलं ते त्येच्याच तोंडातनं न्हवं?”

“माझ्याशी बोलले का?”

“आता ह्याला काय म्हणावं,” लालासाहेब संयोगिताकडे वळून म्हणाले. “देवानं दिलं, आन् ह्या त्ये मापात बसतंय का बघत बसल्यात.”

दुसऱ्या दिवसापासून नाथाजींना तो एकच शब्द लागला. पाणी हवं असलं तरी आयला, पाय दुखला तरी आयला, रेडिओवर बातम्या लागल्या तरी आयला. दुसरा शब्द मात्र येईना. राहीबाई त्यांना घेऊन विश्रामबागेत गेल्या. वाचेचे उपचार करणारी अपेक्षा ही माण तालुक्यातल्या मेंढपाळ घरातली मुलगी. तिनं नाथाजींना चित्रं दाखवली, आकडे म्हणायला लावले, आरतीची ओळ धरून दिली. मग बाहेर येऊन तिनं समजावलं की शिव्या, उद्गार, पाठ झालेल्या ओळी या ठरवून बोलायच्या शब्दांच्या वाटेनं येत नाहीत. त्यांची वाट वेगळी असते. त्या वाटेवरून एखाद्याला पुढे बाकीचे शब्द सापडतात, एखाद्याला कधीच सापडत नाहीत.

“म्हंजे हे बोलले का न्हाई बोलले?” राहीबाईंनी विचारलं, आणि असं का विचारते तेही सांगितलं.

अपेक्षानं टेबलावरची चित्रं जुळवली. “मावशी,” ती म्हणाली, “त्ये मला न्हाई ओ सांगता यायचं.”

उरला भैरोबा. राहीबाईंनी कौल लावला. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर नवस फिटला, डावी पडली तर नाही. सगळे थांबले. पाकळ्या तशाच सुकल्या. गुरव सरळ माणूस. दक्षिणा परत देत तो म्हणाला की देवाला बोलतं करणं काही आपल्या हातात नाही.

हे असं कुठवर चालायचं, या विचारानं शेवटी संयोगितानंच धीर केला. सासूबाई मळ्यात गेलेल्या असताना तिनं सासऱ्यांना सगळं सांगून टाकलं. तिचा हेतू चांगला होता. मामांना कळलं म्हणजे ते खुणेनं का होईना ‘खा’ म्हणतील आणि आत्ती मोकळ्या होतील, असं तिला वाटलं होतं.

राहीबाई परतल्या तेव्हा नाथाजी दारातच उभे होते. त्यांनी तिला हातानं समोर बसवलं, स्वतः बसले आणि ओठ जुळवू लागले. जीभ वर उचलायची, टाळूला लावायची, ‘राही’तला र काढायचा. मानेच्या शिरा तटतटल्या, कपाळ घामानं भिजलं. बाहेर आलं ते ‘आयला’. पुन्हा प्रयत्न, पुन्हा ‘आयला’. तिसऱ्या वेळी आपल्याच तोंडावर त्यांनी डाव्या हातानं चापट मारून घेतली. राहीबाईंनी तो हात धरला आणि दुसरा तळवा त्यांच्या ओठांवर ठेवला.

“ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “ऱ्हाऊ द्या आता. मला काय बी नको.”

नाथाजींनी त्या दिवसानंतर तोही शब्द उच्चारला नाही. पाणी हवं असलं की भांड्याकडे बोट दाखवत. वाटी पुढे आली की मात्र पहिला घास आता ते तिच्यापुढे धरत नसत; खाली मान घालून मुकाट खात, आणि राहीबाईंना तो घास परत हवा होता. नवस मागे घेण्याची रीत काय, हे त्यांनी गावातल्या धोंडुबाईला, माहेरच्या भावजयीला, मिळेल त्या जाणत्या बाईला विचारून पाहिलं. फळलेला नवस फेडायचा कसा ते प्रत्येकीला ठाऊक होतं. न फळलेल्याचं कोणालाच ठाऊक नव्हतं.

२०२३ च्या नोव्हेंबरात नाथाजी वारले. २०२५ च्या मे महिन्यात संयोगिताच्या मुलीचं, शिवांजलीचं बारसं झालं. वाटलेल्या पेढ्यांतला एकही राहीबाईंनी घेतला नाही.