गयावैनी ओट्यावर चढली तेव्हा

गयावैनी गेली हे मला तिच्या नातसुनेनं फोनवर सांगितलं. सकाळची वेळ होती, मी पांढरकवड्याच्या घरी अंगणात ऊन खात बसलो होतो. "आबा, आजी गेल्या. काल जेवल्या, बोलल्या, आज उठल्याच नाहीत..." मग हळूच म्हणाली, "तुम्हाला आधी कळवायचं, असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं." फोन ठेवला. नव्वदी ओलांडलेलं माणूस गेलं की धक्का बसत नाही म्हणतात. मला बसला. ज्या आवाजानं सगळं गाव एका जागी उभं राहताना मी पाहिलं, तो आवाज कधी बंद होईल हे माझ्या मनातच आलं नव्हतं. त्याला आता महिना होऊन गेला. भेटणं, रडणं सगळं उरकलं. आता लिहायला बसलो आहे, तर डोळ्यांत पाणी येण्याऐवजी छाती फुगते आहे. तिचं असंच होतं. तिची आठवण कधी वाकून येत नाही.

आमचं मोहदरी पांढरकवड्याहून झरीकडे जाणाऱ्या वाटेवर, जंगलाच्या काठाला. मधोमध गाव, नाल्यापलीकडे आमचा बंजाऱ्यांचा तांडा आणि टेकडीखाली कोलामांचं पोड. तीन वस्त्या, तीन बोल्या. तांड्यातून सातवी पास झालेला मी पहिला, म्हणून गावच्या शाळेत मास्तर झालो. गयावैनी त्याच सुमारास गावच्या कोतवालाची, डोमाजीची, सून होऊन आली. तिचं माहेर हिंगणघाटचं, वडील गिरणीत कामाला. त्यांनी पोरीला चौथीपर्यंत शिकवलं होतं. गावात तेव्हा वाचता येणारी ती एकटी बाई. पुड्याचा कागदसुद्धा ती सरळ करून वाचायची आणि मगच चुलीत घालायची.

गावातली कोणतीही बातमी डोमाजीच्या डफड्यावरून कळायची. बाजाराचा दिवस बदलला, कुणाचं वासरू हरवलं, सरकारी माणूस येणार आहे... डोमाजी गळ्यात डफडं अडकवून गल्लीगल्लीतून आरोळी देत जायचा. पण कुणाच्या ओट्याला त्याचा पाय लागायचा नाही. सरकारी निरोप असो की मयताची खबर, त्यानं खालीच उभं राहायचं. छप्पनच्या दसऱ्याला घरची सगळी नागपूरला दीक्षेला गेली, आणि पांढऱ्या कपड्यांत परत आली ती वेगळीच माणसं होऊन. दुसऱ्या दिवशी पाटलांचा गडी निरोप घेऊन गेला, तेव्हा डोमाजीनं डफडं खुंटीवरून काढलं, त्याच्या हातात दिलं आणि म्हणाला, "हे पाटलाले देजा. निरोप मी घरोघर जाऊन सांगतो. पन हे आता माह्या गळ्यात पडनार नाही."

पाटलांना ते लागलं. वरवर कुणी काही बोललं नाही, पण कापसाची वेचणी सुरू झाली आणि पाटलांनी डोमाजीच्या घरच्यांना वावरात बोलावलं नाही. त्यांचं पाहून बाकीच्यांनीही नाही. ऐन सुगीत घरात बसून राहायची पाळी आली. माझ्या बापाला हे कळलं तेव्हा तो तांड्याच्या तोंडाशी उभा राहून म्हणाला, "गावाले कापूस जड झाला असंन. आमचा वेचायचा हाये." दुसऱ्या दिवसापासून गयावैनी, तिचा नवरा उकंडा आणि सासू नाला ओलांडून आमच्या वावरात येऊ लागली. त्या दिवसांपासून ती मला मास्तर म्हणायची आणि मी तिला वैनी.

डोमाजी म्हातारा, निरोपाच्या कामाला एकटा. घरोघर जायचा, पण संध्याकाळपर्यंत अर्धं गावही व्हायचं नाही. तांडा आणि पोड तर राहूनच जायचं. अशात ढोरांचा डॉक्टर बुळकांडीची लस टोचायला येऊन गेला. जवळच्या गावांत जनावरं पटापट मरत होती. डॉक्टर चावडीत दिवसभर बसला आणि चार-दोन जनावरं टोचून निघून गेला. बाकीच्यांना कळलं तेव्हा त्याची गाडी दिसेनाशी झाली होती. ज्याच्या दावणीला बैल, त्याचा जीव गळ्याशी आला. चावडीसमोर गाव जमलं आणि सगळा राग डोमाजीवर निघाला. "डफडं वाजवा, नाही तं गाव सोडा," असं कुणीतरी म्हणालं, आणि कुणी त्याला अडवलं नाही. डोमाजी खाली मान घालून उभा होता. तेवढ्यात त्याच्या मागून गयावैनी पुढे आली. डोक्यावर पदर, पण नजर समोर.

"डफड्यानं ढोर वाचत नाही जी," ती म्हणाली, "बातमी पोचली म्हनून वाचते. बातमी पोचवाले का एकच वाट हाये?"

पाटील नुसते "बघू" म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती शाळेच्या दारात उभी. "मास्तर, एखांदा जुना फळा पडला हाये का?" होता. कोपरा तडकलेला, पांढुरका पडलेला. आम्ही दोघांनी कोळशाची पूड चोपडून तो काळा केला, आणि पाटलांना विचारून मी तो चावडीच्या भिंतीला टांगला. फळ्याला पाटलांची ना नव्हती. तो वाचणार कोण, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. मी सुवाच्य अक्षरात बातम्या लिहिल्या. लोक आले, देवाच्या तसबिरीकडे बघावं तसे फळ्याकडे बघून गेले. वाचता येणारी माणसं गावात बोटावर मोजण्याइतकी. मी म्हटलं, "वैनी, मीच वाचून दाखवत जातो." ती पटकन म्हणाली, "तुम्ही लिहा. वाचाचं काम माह्यं." मी विचारलं, काहून? तर म्हणाली, "माह्या सासऱ्यानं उभा जन्म खालून आरोळी मारली, मास्तर. मले वरून वाचाचं हाये."

ती संध्याकाळ मला आजही लख्ख दिसते. गाई-ढोरं परतत होती, धुळीनं सगळं सोनेरी झालं होतं. चावडीच्या ओट्यावर पाटील आणि दोन-चार मोठी मंडळी बसलेली. गयावैनी धुतलेलं पांढरं लुगडं नेसून आली, चपला खाली काढल्या आणि सरळ ओट्याच्या पायऱ्या चढली. बोलणं जिथल्या तिथं थांबलं. तिच्या घरातलं कुणी त्या पायऱ्या कधी चढलं नव्हतं. मी फळ्याशेजारी उभा होतो, हातातला खडू घामानं ओला झालेला. पाटलांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वाच न. पन खाली उभी राहून वाच."

"खालून अक्षर दिसत नाही, पाटील," ती शांतपणे म्हणाली. "फळा खाली घ्या, मी खालून वाचते. पन मंग मागच्या मानसाले कायले दिसन?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. पाटलांच्या कपाळावर आठी आली. आणि तेवढ्यात गयावैनीनं वाचायला सुरुवातच केली. तिचा असा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. घरात हळू बोलणारी बाई, पण तो आवाज पार नाल्यापर्यंत गेला असेल. घाई नाही, अडखळणं नाही. प्रत्येक शब्द ज्वारीच्या दाण्यासारखा टपोरा. तिनं वाचलं, की कुणाचं तांबडं वासरू हरवलं आहे, त्याच्या कपाळावर पांढरा टिळा आहे. वाचलं, की ढोरांचा डॉक्टर बुधवारी पुन्हा येणार, सगळ्यांनी जनावरं चावडीपुढं आणावी. वाचून झालं. मग बायांच्या घोळक्यातून म्हातारी पार्वताबाई ओरडली, "गया, बुधवार म्हंजे परवाच न वं?"

"हो वं माय, परवाच!"

झालं. गावानं विचारलं आणि तिनं उत्तर दिलं. त्या क्षणी ती गावाची झाली, किंवा गाव तिचं झालं म्हणा. त्यानंतर तिला खाली उतर म्हणायला तोंडच कुणाला उरलं नाही. मी त्याच पावली तांड्यात जाऊन आमच्या गोरबोलीत सगळं सांगितलं. ऐकायला आलेल्या लेतूनं, आमच्या ओळखीच्या कोलाम जंगलमजुरानं, पोडावर जाऊन आपल्या बोलीत सांगितलं.

आणि बुधवारी... असा बुधवार मोहदरीनं आधी पाहिला नव्हता. सकाळपासून चावडीपुढं जनावरांची दाटी. गावचे बैल, तांड्याच्या गाई, पोडावरची लहानखुरी, काटक जनावरं, सगळी एका रांगेत. डॉक्टर चक्रावला, म्हणाला, "एवढी आली कुठून?" पाटलांची देखणी बैलजोडीही रांगेत होती. त्यांच्या गड्यानं फळ्याची बातमी ऐकून न विचारता आणून उभी केली होती. त्या हंगामात आजूबाजूच्या दावणी ओस पडल्या, पण आमच्या गावची जनावरं गोठ्यात हंबरत राहिली. पार्वताबाई स्वतः डोमाजीच्या दारात गेली. "गया, माह्या वावरात कापूस फुटून राह्यला. उद्या ये बापा, सगळे या." तिच्यामागून बाकीचेही आले. पाटलांचं बोलावणं सगळ्यांत शेवटी आलं. वैनी गेली, पण आधी आमच्या वावरातला शेवटचा कापूस वेचून संपवला आणि मगच.

पाटलांचीही एक गंमत सांगायलाच हवी. पुढच्या उन्हाळ्यात त्यांची दुभती म्हैस हरवली. दोन दिवस गडी रानोमाळ फिरले. तिसऱ्या दिवशी पाटील शाळेत आले आणि खालच्या आवाजात मला म्हणाले, "मास्तर, फळ्यावर घेता काय?" मी घेतलं. संध्याकाळी मी बघतो तर पाटील ओट्यावर नाहीत, लोकांमध्ये खाली उभे! गयावैनीनं त्यांच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि त्या म्हशीचं वर्णन असं रंगवून वाचलं की शिंगांचं वळण, कानाची चीर, शेपटीचा पांढरा गोंडा, सगळी म्हैसच समोर उभी राहिली. मी लिहिलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. पोडावरच्या लोकांनी दुसऱ्याच दिवशी म्हैस हाकत आणली. पाटील तिला दोरानं धरून घरी नेत होते, तेव्हा वाटेत भेटलेल्या वैनीला म्हणाले, "तुले कसा ठाऊक गं तिचा गोंडा?" ती म्हणाली, "तुमच्याच गोठ्यातलं शेन काढलं न जी इतके दिवस." पाटील मोठ्यानं हसले. त्या हसण्यात कडवटपणा नव्हता.

पुढं महाराष्ट्र झाला, ग्रामपंचायतीच्या नव्या निवडणुका आल्या. बाईमाणसालाही पंचायतीत घ्यायचं ठरलं तेव्हा गावात दुसऱ्या कुणाचं नावच निघालं नाही. मी फळ्यावर नव्या पंचांची नावं लिहिली आणि वैनीला मुद्दाम आधी काही सांगितलं नाही. संध्याकाळी ती नेहमीसारखी चढली, वाचू लागली. एकेक नाव वाचत ती शेवटच्या ओळीवर आली आणि पहिल्यांदाच थांबली. ओळ तिच्या नावाची होती. मग तिनं तोच टपोरा आवाज लावला आणि आपलं नाव पूर्ण, वडिलांचं, नवऱ्याचं, सगळं जोडून वाचलं. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. तांड्यातल्या बायांनी तिथंच फेर धरला. डोमाजी, नेहमीच्या सवयीनं, खाली बाजूला उभा होता. वैनीनं हात पुढे केला. "मामाजी, वर या."

म्हातारा मान हलवत राहिला. नको, नको. मग पार्वताबाईनं मागून हलकेच ढकललं आणि पाटलांनी ओट्यावर सरकून जागा केली. डोमाजी एकेक पायरी चढला. वर आल्यावर बसायचं कसं हेच त्याला कळेना. वैनीनं त्याला खांद्याला धरून बसवलं. तो तिथं बसून समोर बघत राहिला. ज्या गावाकडे त्यानं जन्मभर खालून पाहिलं, ते गाव त्याला वरून कसं दिसलं असेल? मी विचारलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर ते होतं.

त्यानंतर वैनीनं पुष्कळ केलं. तांड्याला विहीर मिळवून दिली, पोडावरच्या पोरांना शाळेत आणलं, पंचायतीत भांडली, जिंकली, कधी हरलीही. ते सगळं सांगत बसलो तर पानं पुरणार नाहीत. म्हातारपणी तिची नजर गेली. तिच्या घराच्या पडवीत पश्चिमेकडे उघडणारी एक खिडकी आहे, तिच्यापाशी बाजेवर ती बसून असायची. आणि तेव्हापासून नियमच झाला, जो येईल त्यानं काहीतरी वाचायचं. पेपर, औषधाची पट्टी, लग्नाची पत्रिका, काहीही. पाहुणा असो की शेजारीण, सुटका नाही. मी गेलो की मलाही. गळा बसला म्हटलं तरी ऐकायची नाही. "मास्तर, लिहाले चांगले होते तुम्ही," म्हणायची, "वाचता मात्र लाजल्यासारखं."

परवा तिच्या आठवणीतला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. मी गेलो. वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. संध्याकाळ झाली तेव्हा त्या पडवीत आम्ही थोडेच उरलो होतो. तिची सून, शेजारच्या दोघीतिघी, तांड्यातून आलेली माझी भाची आणि मी. बाज रिकामी. खिडकीतून ऊन जमिनीवर आडवं पसरलं होतं. मग फोन करणारी ती नातसून उठली, कोनाड्यातून त्या दिवशीचा पेपर काढला, खिडकीपाशी उभी राहिली आणि वाचू लागली. आवाज हळू. दोन ओळी झाल्या असतील, तोच मागून एक म्हातारी, पार्वताबाईची सून, ठसक्यात म्हणाली,

"मोठ्यानं वाच न वं. मागच्या मानसाले ऐकू येत नाही."

पोरीनं पदर सावरला, मान वर केली आणि मोठ्यानं वाचायला लागली.